पालथी पातेली

न विचारता सासूची पातेली उचलायची आणि चारचौघांत नेऊन मांडायची, ही रीत इफराने कुठून आणली ते तिचं तिलाच ठाऊक. एक नाही, दोन नाही, पाच पातेली. आणि सगळी पालथी! ताजुन्निसा मॉलच्या अंगणात शिरली आणि आपलं टेबल बघून जागच्या जागी थबकली.

"काय गो, घरातलं अन्न संपलं म्हणून दवंडी पिटायला बसल्येस?"

"अम्मी, अजून मांडून झालं नाही," इफरा टेबलामागून म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

सौदीतल्या अल-खोबरच्या त्या हस्तकला जत्रेत ताजुन्निसा तिसऱ्यांदा आली होती, आणि शेवटची. मोबाईलच्या दुकानांत आता सौदी पोरंच बसणार असा हुकूम निघाला आणि तिच्या लेकाचं, यासीनचं काउंटर गेलं. दोन वर्षं त्याने इकडेतिकडे हातपाय मारले. आता फायनल एक्झिटचा, देश कायमचा सोडायचा शिक्का बसला होता. वीस दिवसांनी दाभोळ. कार्गोची खोकी घरात येऊन पडली होती आणि त्यांत काय जाणार, काय राहणार यावर रोज कटकट चालायची.

जत्रेत विकायच्या नमाजी टोप्यांवर मात्र वाद नव्हता. चाळीस होत्या, सुताच्या, आकड्याने विणलेल्या, पांढऱ्याशुभ्र. टोपी डोक्यासाठी विणतात, पेटीसाठी नाही. एकही परत न्यायची नाही, हे ताजुन्निसाने मनाशी पक्कं केलं होतं. मागच्या दोन्ही जत्रांत तिने त्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, भावाच्या दुकानात कापड रचतात तशा थप्प्या लावल्या होत्या. धूळ नको बसायला. लोक आले, थप्प्यांवर नजर टाकून पुढे गेले. दोन्ही वर्षं सगळ्या टोप्या तशाच घरी. "इथल्या लोकांना कदर नाही," एवढंच ती बोलली होती. आतून काय वाटलं ते सांगायची तिला सवय नव्हती.

यंदा इफराने प्लास्टिक सगळं फाडून टाकलं. कार्गोची खोकी पायऱ्यांसारखी रचली, त्यावर आपला जुना काळा अबाया पसरला, मागे पांढरी चादर टांगली, पालथ्या पातेल्यांना काळे स्कार्फ ताणून बांधले, आणि एकेका पातेल्यावर एकेक टोपी चढवली. पाच. बाकीच्या टेबलाखाली, पेटीत.

"पस्तीस टोप्या भंगारासारख्या खाली?"

"यासीन सांगतात ना अम्मी, दुकानात एकच फोन उघडा ठेवायचा, हातात घेऊन बघायला. बाकीचे खोक्यात."

"माझ्या टोपीला घंटी वाजते काय?"

खरं तर कांजी केलेली टोपी पातेल्यावर वाळवायची ही ताजुन्निसाचीच रीत. घरातलं प्रत्येक डोकं तिला पातेल्याने ठाऊक होतं. यासीन म्हणजे दुधाचं, तिचा भाऊ हाशिर म्हणजे चहाचं. आणि सगळ्यात थोरलं, कालवणाचं, ते बदरुद्दीनचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दर रमजानला त्या मापाची एक टोपी तिच्या हातून उतरायचीच. या वर्षीची सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती.

मगरिबची अजान झाली. उजेड गेला तशी इफराने पुढे खाली ठेवलेला छोटा दिवा लावला, आणि पेटीतली एक टोपी ताणून त्याच्यापुढे धरली.

टोमणा मारायला पुढे आलेली ताजुन्निसा टेबलापुढे वाकून बघायला लागली.

आजवर तिने टोपी पाहिली ती मांडीवर, वीतभरावरून, एका वेळी एक टाका. आता काळ्यावर पांढरी जाळी उठली होती. मधे आठ पाकळ्या, भोवती शिडी, कडेला लाटा. आणि पाठीमागच्या पांढऱ्या चादरीवर इफराच्या हातातल्या टोपीची सावली पुरुषभर उंच गेली होती, जाळीचं एकेक भोक बशीएवढं. दाभोळच्या बंदरावर तिचा बाप जाळं वाळत घालायचा, अगदी तसं. त्याच जाळ्याच्या गाठी बघत आठ वर्षांच्या ताजुन्निसाने सायकलच्या तारेचा आकडा घासून घासून केला होता. शाळा दुसरीत सुटली. आकडा सुटला नाही.

"या अल्ला," ती पुटपुटली. "हे माझ्या हातातून आलं?"

लोक थांबायला लागले. एका बाईने बोटाने अलगद पाकळी चाचपली. "शुगल यदिक?" तुझ्या हातचं काम? ताजुन्निसाने दोन्ही हात पुढे करून दाखवले. मग माप विचारणारे आले, आणि तिथे तिला कुणाची गरज पडली नाही. समोरच्या डोक्यावर एक नजर टाकायची की झालं.

"इफरा, चहाचं! याला दुधाचं! याला... थांब, दुधाचंच, कान मोठे दिसतात नुसते."

पेटी रिकामी झाली. पातेल्यांवरच्याही चार गेल्या. वरची तेवढी राहिली, आणि तेव्हाच एक म्हातारा सौदी बायकोच्या खांद्याला धरून आला. भलं मोठं डोकं. "कबीर, कबीर!" मोठं, मोठं! बायको त्या डोक्याकडे हात दाखवत हसत होती. आजवर कुठली टोपी बसली असेल तर शपथ.

इफराने सासूकडे पाहिलं. हात वर न्यायचं तिला धाडस होईना.

ताजुन्निसाने नजरेनेच त्या डोक्याचं माप घेतलं. कालवणाचं. मग म्हणाली, "बघत्येस काय? काढ वरची."

म्हातारीने नवऱ्याचा रुमाल उतरवला, टोपी ठेवली. पातेल्यावर बसावी तशी बसली, ना सैल, ना घट्ट. म्हाताऱ्याने वरून हात फिरवला, डोळे मिटून काहीतरी दुआ पुटपुटली, आणि दोघं सावकाश गर्दीत गेली. ती पांढरी जाळी दिसेनाशी होईपर्यंत ताजुन्निसा उभी होती.

इफरा पातेली सुलटी करायला लागली.

"थांब गो. न विचारता नेलीस, ते मी विसरायची नाही, आणि तुलाही विसरू द्यायची नाही. पण खोक्यात ही पातेली माझ्या निकाहच्या शालूत गुंडाळून भर. यांत आता कालवण शिजायचं नाही. आणि दाभोळात टेबल लावलं तर मांडायचं तू. मी बाजूला बसेन. मला नाही जमत तुझ्यासारखं."