राहत्या पत्त्याचा हप्ता

तात्यांनी उभी हयात शहर बस चालवली आणि निवृत्त होईपर्यंत कुणाच्या सायकलीलाही त्यांचा धक्का लागला नाही. डेपोतले लोक त्यांना 'नाकासमोरचे तात्या' म्हणत, थोडं कौतुकानं आणि थोडं वैतागून, कारण पिवळा दिवा दिसला की तात्या थांबत आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा होई. नोकरी संपल्यावर जे पैसे हातात आले त्यातून त्यांनी एक लहानशी निळी गाडी घेतली. शेजारच्या सीटवर माई, म्हणजे त्यांची बायको, पर्स मांडीवर घेऊन ऐटीत बसायची. सगळ्या शहराला फिरवून झालं, आता जरा घरच्या माणसाला फिरवा, असं म्हणायची.

मग माई विसरू लागली. आधी दूध उतू जायला लागलं, नंतर किल्ल्या हरवायला लागल्या, नंतर मुलाचं नाव ओठांवर येऊन अडकायला लागलं. त्यांचं घर चढावर होतं, वर दोन खोल्या, खाली गाडीसाठी बंद गॅरेज, मधे दगडी जिना. त्या जिन्यावरून माई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता जिना नको. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. तो आला, आणि आठवड्याभराच्या रजेत त्यानं सगळं ठरवून टाकलं. चढावरचं घर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना विकलं, दवाखान्याची देणी भागवली आणि उरलेल्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. दवाखाना तिथून जवळ होता. तात्यांनाही ते पटलं. पटण्यावाचून इलाज नव्हता, हेही खरं.

नवी गल्ली गोदामांच्या मागे होती. दार उघडलं की रस्ताच. समोर एक शिवणवाली राहायची, तिचं मशीन खिडकीत होतं. कोपऱ्यावर मेकॅनिकचं दुकान, दिवसभर टेम्पोंची ये-जा. गॅरेज कुणाकडेच नव्हतं. सगळ्यांच्या गाड्या भिंतीला टेकून, दोन चाकं फुटपाथवर चढवून उभ्या असायच्या. तात्यांनीही तशीच लावली.

माईनं मात्र ते घर घर म्हणून कधी मानलंच नाही. दिवेलागणीला ती चपला घालून, पर्स घेऊन दाराशी उभी राहायची. "फार वेळ बसलो आपण यांच्याकडे," ती हळू आवाजात म्हणायची, यजमानांना ऐकू जाऊ नये म्हणून. "चला आता घरी."

तात्यांनी समजावून पाहिलं, कपाट उघडून तिच्याच साड्या दाखवल्या. ती रडायची, मग रागवायची, मग पुन्हा दाराशी. एके संध्याकाळी त्यांनी हात टेकले आणि तिला गाडीत बसवलं. जिला ब्लाउजची बटणं लावता येईनाशी झाली होती, तिनं पट्टा आपला आपण ओढून बरोबर खाचेत बसवला. समोरचा कप्पा उघडला, आत आपला कंगवा आणि चष्म्याचं जुनं घर आहे ना हे पाहिलं, कप्पा लावला आणि मान मागे टेकवली. जलशुद्धीकरण केंद्राच्या रस्त्यानं एक फेरी मारून ते परतले तेव्हा ती पेंगुळलेली होती. मुकाट्यानं आत आली आणि झोपली.

तेव्हापासून तो रोजचाच नेम झाला. चढावरचं घर ती विसरली होती, हे घर तिच्या डोक्यात शिरत नव्हतं, पण गाडी ओळखीची होती. डॉक्टर म्हणाले की तिच्याजवळ ओळखीचं एवढंच उरलंय, ते बदलू नका.

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली तेव्हा तात्या स्वतः कार्यालयात गेले. पत्ता बदललाय, तर कळवायला हवं, असा साधा विचार. खिडकीतल्या बाईंनी नवा पत्ता टाइप केला, पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा टाइप केला. मग पडदाच तात्यांकडे वळवला. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला होता.

तात्यांना वाटलं, बाईंचा हात चुकला. गाडी तीच, चालवणारा तोच, वर गाडी वर्षभरानं जुनी झाली म्हणजे हप्ता उतरायला हवा.

"माझ्या हातून आजवर साधा ओरखडा उठलेला नाही," ते म्हणाले.

"हे तुमच्याबद्दल नाहीये, काका," बाई म्हणाल्या. "तुमच्या गल्लीबद्दल आहे."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्या भागातून गाड्या जास्त चोरीला जातात, काचा जास्त फुटतात, गोदामांच्या नाक्यावर ठोकाठोकी जास्त होते. आधीची गाडी कुलपाच्या आत होती, आता रात्रभर रस्त्यावर. तिथल्या लोकांनी आजवर जितकी भरपाई मागितली, ती सगळी कंपनी तिथल्याच लोकांवर वाटून टाकते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तात्या म्हणाले. बाईंनी खांदे उचलले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

तात्यांचं निवृत्तिवेतन माईच्या औषधांत आणि सकाळी येणाऱ्या मदतनीस बाईच्या पगारात संपत होतं. त्या आकड्याला त्यात जागा नव्हती. घरी येताना गल्ली त्यांना वेगळीच दिसू लागली. मेकॅनिक एका गाडीच्या टायरवर हात ठेवून उभा होता, तो का उभा आहे? शिवणवाली मान वर करून कुणाच्या येण्याजाण्याची वेळ बघते? ती हसली, तर तात्या न हसता आत गेले. कुणीतरी यांच्यातलाच आपल्या खिशात हात घालतोय, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं त्यांना काही केल्या झटकता येईना.

रात्री त्यांनी मुलाला फोन केला. मुलाचंही आभाळ फाटलेलंच होतं. घराचं कर्ज, दोन मुलांच्या शाळा. त्यानं दोन-तीन आकडे मोठ्यानं जुळवून पाहिले. मग म्हणाला की दुसऱ्या कंपनीचा विमा फोनवरूनच काढू आणि पत्ता जुनाच टाकू. सगळे तेच करतात. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, काही पत्र आलं तर ठेवून घेतील. तात्यांनी ठाम नाही म्हटलं. मग गाडी विकून टाका, मुलगा म्हणाला, आणि त्यात त्याचा राग नव्हता, नुसता थकवा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माई गाडीत बसली, पट्टा लावला, कप्पा पाहिला आणि तात्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आता बरं वाटलं." तात्यांनी त्याच रात्री मुलाला होकार कळवला. मुलानं सगळं भरून पाठवलं. जुना पत्ता, बंद गॅरेज. तात्यांनी 'मान्य' या शब्दावर अंगठा टेकवला. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढचे काही महिने बरे गेले. तात्या आंघोळीला असताना माई एकदा दार उघडून बाहेर गेली, तर शिवणवालीनं तिला हाताला धरून आपल्याकडे नेलं आणि पुढ्यात बटणांचा डबा ठेवला. माई तासभर रंग वेगळे करत बसली. तेव्हापासून तात्यांना दुकानात जायचं असलं की माई समोर जाऊन बसायची. मेकॅनिक आपणहून टायरमध्ये हवा भरून द्यायचा, पैसे दिले तर हवेचे कसले पैसे घ्यायचे म्हणायचा. संध्याकाळची फेरी संपवून दोघं परतली की टेम्पोवाले आपली गाडी पुढे सरकवून त्यांना दारासमोरची जागा मोकळी करून देत. आपण या लोकांवर संशय घेतला याची तात्यांना लाज वाटायची. ते आता मुद्दाम थांबून बोलायचे.

आणि एका सकाळी ती जागा रिकामी होती. फुटपाथच्या कडेला काचेचा चुरा पडला होता, बाकी काही नाही.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. लिहिणाऱ्या हवालदारानं गल्लीचं नाव ऐकून मान हलवली, म्हणजे त्यात नवल असं काही नव्हतं. मुलानं फोनवर बजावून सांगितलं की विम्याचा माणूस येईल, त्याला म्हणा, गाडी जुन्याच ठिकाणी असते, त्या रात्रीपुरती इथे होती. तात्यांनी ते वाक्य मनातल्या मनात घोकलं.

तपासनीस आला तो अगदी शांत, मऊ बोलणारा तरुण होता. चपला दाराबाहेर काढून आला, पाणी मागून घेतलं, माईची चौकशी केली. मग दारात उभं राहून त्यानं विचारलं की गाडी रात्री कुठे असायची. तात्यांनी घोकलेलं वाक्य म्हटलं. म्हणताना त्यांचा आवाज त्यांनाच दुसऱ्याचा वाटला.

समोरून शिवणवालीनं हे सगळं पाहिलं होतं. विम्याचा माणूस आला म्हणजे भरपाईचं काम असणार, आणि अशा वेळी शेजाऱ्यानं दोन चांगले शब्द बोलायला हवेत, असं तिला वाटलं. गळ्यात टेप तशीच ठेवून ती रस्ता ओलांडून आली.

"साहेब, यांच्यासारखा माणूस नाही," ती म्हणाली. "या घरात आल्या दिवसापासून गाडी रोज इथेच लावतात, या दिव्याखाली. एक रात्र चुकली नाही. आम्ही सगळेच लक्ष ठेवायचो. नेमका त्या रात्री डोळा लागला बघा."

तपासनीसानं तिच्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. त्याला लिहायची घाई नव्हती. तात्यांनी नाही म्हटलं असतं, या बाईंना नीट ठाऊक नाही असं म्हटलं असतं, तर कदाचित त्यानं तेही लिहून घेतलं असतं. शिवणवालीचा चेहरा उजळलेला होता. एवढ्या दिवसांत आपण यांच्या काहीतरी कामी आलो, याचा तो आनंद होता.

"बरोबर सांगतायत त्या," तात्या म्हणाले.

काही आठवड्यांनी नकार आला. खोटी माहिती देऊन विमा घेतला, म्हणून विमाच रद्द. मुलगा फोनवर ओरडला, मग रडला, मग त्याला कामावर जायचं होतं म्हणून त्यानं फोन ठेवला. शिवणवालीला कुणाकडून तरी खरी गोष्ट कळली. ती येऊन दारात उभी राहिली. तुम्ही खरं तेच बोललात, चूक आमची, असं तात्यांनी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं मान हलवली, पण त्यानंतर तिनं मशीन आतल्या खोलीत हलवलं. माईला तिच्याकडे पाठवायला तात्यांनाही धीर होईना.

संध्याकाळ मात्र रोज यायची. माई पर्स घेऊन रस्त्यावर जायची आणि रिकाम्या जागेसमोर उभी राहायची. तात्यांनी टॅक्सी बोलावून पाहिली, तर ती पाऊल उचलेना. ही आपली नाही, म्हणाली. मेकॅनिकनं दुरुस्तीला आलेली एक तशीच निळी गाडी दारासमोर आणून लावली. माई आनंदानं बसली. पट्टा लावला. समोरचा कप्पा उघडला, तर आत परक्या माणसाचा गॉगल आणि सिगारेटचं पाकीट. ती किंचाळत बाहेर पडली आणि मेकॅनिक बिचारा कितीतरी वेळ मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर तिच्या मनात काहीतरी उलटं बसलं. गाडी होती, मग नाहीशी झाली, आणि घरात हा एक म्हातारा कायम आपल्या मागे मागे असतो. तिनं या दोन गोष्टींची सांगड घातली. सकाळच्या मदतनीस बाईला ती कुजबुजून सांगायची, "हाच तो. यानं माझी गाडी नेली. मला घरी जाऊ देत नाही." तात्या खोलीत आले की ती भिंतीकडे सरकायची. त्यांच्या हातून घास घेईना. तात्या ताट तिच्यापाशी ठेवायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे, चमच्याचा आवाज येतो का ते ऐकत. बहुतेक वेळा यायचा नाही.

एकदा पहाटे ती निसटली. गोदामांच्या मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधे, अनवाणी उभी राहून ती प्रत्येक गाडीच्या काचेत वाकून बघत होती. एका ट्रकचालकानं ट्रक आडवा घालून रस्ता अडवला म्हणून ती वाचली. मुलगा पुन्हा आला, पुन्हा थोड्याच दिवसांची रजा घेऊन, आणि या वेळी तात्यांनी माईला देखभाल केंद्रात ठेवायच्या कागदांवर सही केली.

देखभाल केंद्र शहराबाहेर आहे. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. तात्या चालकाच्या मागच्या दांडीला धरून उभे राहतात, जागा असली तरी. हल्लीचे चालक पिवळ्याला थांबत नाहीत.

पहिले काही आठवडे माईनं तिथेही दिवेलागणीला पर्स उचलली. मग हळूहळू ते थांबलं. तिथल्या सिस्टरनं ही बातमी तात्यांना आनंदानं दिली. आता त्या घरी जायचं म्हणत नाहीत, अगदी शांत असतात, खूप सुधारणा आहे, असं ती म्हणाली. तात्यांनी तिचे आभार मानले.

माई खिडकीशी बसली होती. तिची भीतीही गेली होती. तात्यांनी खुर्ची ओढून शेजारी घेतली तर तिनं पाय जरा बाजूला घेऊन त्यांना जागा करून दिली, जशी कुणीही कुणालाही देतं. थोड्या वेळानं तिनं अगत्यानं विचारलं, "लांबून आलात?"

"हो," तात्या म्हणाले. "बरंच लांबून."

"मग निघा आता. घरचे वाट बघत असतील."

तात्या भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिले.