मधोमध उभं राहिलेलं अंडं

अंडं पाण्यात मधोमध उभं राहिलं आणि कोरियातल्या सुनछांगच्या बाजारात जमलेल्या बायकांनी एकदम हात जोडले. शेजारच्या बरणीतल्या साध्या पाण्यात तेच अंडं आत्ताच तळाला गेलं होतं.

"बुडालं तर यमाच्या दारी, तरंगलं तर माझ्या हाती!" हात लावून दुखणी बरी करणारे पेकउन गुरुजी गरजले. "पाणी चाखा! मीठ आहे का? साखर आहे का? फक्त ढवळू नका, पितर जागे होतील!" पितरांची झोप भलतीच कच्ची असावी.

म्हाताऱ्या ओक्बुनने चमच्याने वरचं पाणी चाखलं. "गोडं पाणी आहे गं बायांनो!"

तिची मुलगी मिरान गर्दीत उभी होती, दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात. तीस वर्षं ती औषधं करून देत होती. आईच्या हृदयाच्या गोळ्या तीच मोजून द्यायची. अकरा दिवसांपूर्वी गुरुजींच्या सांगण्यावरून आईने त्या केरात टाकल्या होत्या, आणि आता तिच्या सुजलेल्या पायांत जोडा जात नव्हता.

पण मिरान जळली ती वेगळ्याच गोष्टीने. गुरुजींच्या मेजावर दक्षिणा म्हणून आईचा सात वर्षं मुरलेला सोया सॉस होता, मातीच्या बुटक्या बरणीतला. मिरानला सणासुदीलासुद्धा त्यातला थेंब मिळाला नव्हता.

ती तरातरा पुढे गेली, खिशातली लांब काचनळी अंड्याच्या बरणीच्या तळापर्यंत घातली आणि खालचं पाणी जिभेवर सोडलं. ही चव ती लहानपणापासून ओळखत होती. सोया सॉस मुरत घालायच्या महिन्यात आई पिंपात हेच पाणी करायची आणि त्यात अंडं सोडायची. पाचशे वॉनच्या नाण्याएवढं अंडं वर दिसलं की मीठ बरोबर.

"आई, खाली खारं पाणी आहे. अठरा टक्के. त्यावर हळूच गोडं ओतलंय. अंडं खाऱ्यावर टेकलंय, आणि तुम्ही सगळ्या वरचं चाखताय. तू चाख ना खालचं."

"नाही चाखत. तू जळतेस त्यांच्यावर."

"हो, जळते! त्यांनी हात लावला की तुला बरं वाटतं, आणि मी म्हणजे नुसती आकडे सांगणारी!"

गुरुजी हसले. "औषधवाल्या बाई, आकड्यांनी कुणाचा आत्मा मोजलाय?"

"आत्मा राहू द्या. अर्धी बरणी अठरा टक्के, अर्धी शून्य. ढवळलं की सगळी नऊ टक्के. ताज्या अंड्याला तरंगायला निदान अकरा लागतात. म्हणजे ते बुडणार." तिने मेजावरची पळी उचलली. गुरुजी ओरडले, "पितर!" पण पळी गरागरा फिरली होती.

अंडं डुलत डुलत तळाला गेलं.

ओक्बुनचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा जीव... बुडवलास तू मला!"

आईच्या छातीला हा धक्का झेपेल का, याचा विचार मिरानने रागाच्या भरात केलाच नव्हता. तिने पळीभर पाणी आईच्या ओठांना लावलं.

म्हातारीने जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. मग कपाळावर आठी पडली. "हे काय पाणचट! यात कुणी सोया सॉस मुरत घालतं का?" ती समोरच्या मीठवालीवर खेकसली, "आण गं पिशवी!"

"दहा किलो पाणी आहे आई. अकराशे ग्रॅम लागेल."

"मला शिकवू नकोस." किलोची अख्खी पिशवी आत गेली, मग एक मूठ, मग आणखी एक. ओक्बुन पळीने ढवळत राहिली. अंडं हललं, उठलं, वर आलं आणि नाण्याएवढं डोकं काढून थांबलं. तिचा हातही तिथेच थांबला.

"किती म्हणालीस?"

"अकराशे."

ओक्बुनने पिशवीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. ते दुसरी बरणी गोणपाटात गुंडाळत होते. तिने मेजावरचा आपला सोया सॉस उचलला आणि मिरानच्या हातात कोंबला.

"धर. सांडू नकोस. आणि त्या गोळ्या काढ, असतील तुझ्या खिशात."

होत्या. अकरा दिवस मिरान नव्याने मोजलेल्या गोळ्या खिशात घेऊन हिंडत होती.

गोळी गिळून म्हातारी बायकांकडे वळली. "साठ वर्षं अंडी तरंगवली मी, आणि याने मला अंडंच दाखवून फसवलं! चाखायचं तर तळाचं चाखा गं. आणि ढवळू नका असं कुणी म्हटलं, की आधी पळी घाला."