लिंबू आणि काथ्या

डाव्या अंगठ्यावर चार रेषा होत्या. तर्जनीवर एकही नाही, मधल्या बोटावर दोन, अनामिकेवर तीन, करंगळीवर सात. उजव्या हाताच्या पाचही बोटांवर मिळून दोन, त्याही तुटक. तेजस्वीने मोबाइलवर चिमटीचं भिंग बसवलं होतं. प्रत्येक बोटाच्या मधोमध अर्धा सेंटिमीटर जागा धरून तेवढ्यातल्याच रेषा तिने मोजल्या. मग स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. अकरा.

"म्हंजे तू पास, मी नापास," तुळसा म्हणाली आणि हात मागे घेतला.

तेजस्वी तिची धाकटी लेक. एमएस्सी करून परळच्या एका लॅबमध्ये लागलेली. तुळसा वरळी कोळीवाड्यातून रोज दादरला जाऊन मासे विकायची, एकतीस वर्षं, एकाच ओट्यावर. त्याआधी त्या ओट्यावर तिची सासू बसत होती. आता बाजार पाडून नवीन इमारत होणार होती. त्या इमारतीत ओटा कुणाला, तर जिचं बोट जुन्या नोंदीतल्या ठशाशी मशीनवर जुळेल तिला. मुदत महिनाअखेरपर्यंत. नाही जुळलं तर ओटा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला.

तुळसाचं बोट दोनदा लावून झालं होतं. जुळायला शंभरात चाळीस गुण लागत. सर्वांत बरी डावी करंगळी, तिला पहिल्यांदा एकतीस आले, दुसऱ्यांदा सत्तावीस.

"मावशी, तुमची बोटं सुट्टीवर गेलीत," मशीनवर बसणारा राजरत्न म्हणाला होता. तो बीडीडी चाळीतला पोरगा, बोलायला गोड. "परत कामावर बोलवा त्यांना."

"डोळ्याचं मशीन नाय काय?"

"मागवलंय म्हणतात. गेल्या वर्षीपासून म्हणतात."

शेजारच्या ओट्यावरच्या कमलचं बोट पहिल्या झटक्यात जुळलं होतं. "मी कोलंबी सोलायला बाई ठेवलीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुला सांगून थकले गो तुळसा. हॉटेलवाल्यांची कोलंबी सोलून बोटं खाल्लीस, आता बस रिकामी टोपली घेऊन."

तुळसाला राग आला नाही. बर्फात हात घातला की पहिली काही मिनिटं झोंबतं, मग आपला हात आपल्याला कळेनासा होतो. दुसऱ्यांदा नापास झाल्यापासून तिचं तसंच चाललं होतं. ती वेळेवर उठायची, टोपली भरायची, भाव सांगायची. ओटा जाणार का, असं कुणी विचारलं तर "बघू" म्हणायची.

तेजस्वीने मात्र वही काढली. "कातडी परत भरून येते, आये. फक्त तिला वेळ द्यायला हवा. कोलंबी बंद, बर्फ बंद, कोयता बंद. रोज रात्री खोबरेल. आणि मी रोज मोजणार."

"मग ओट्यावर कोण बसंल?"

"कमलमावशी."

"ती माझं गिऱ्हाईक खाईल."

"ओटाच गेला तर गिऱ्हाईक कुठे बसवणार आहेस?"

कमल कुरकुरली, पण बसली. तुळसा नऊ दिवस घरी राहिली. लग्नानंतर इतके दिवस ती माशाला शिवली नाही असं कधी झालं नव्हतं, बाळंतपणं सोडली तर. दुपारी ती दारात बसायची आणि हात मांडीवर उताणे ठेवायची. वहीत करंगळीचे आकडे वाढत गेले. सात, सात, आठ, आठ, आठ, मग नऊ. एकवीस तारखेला सकाळी सहाला तेजस्वीने शेवटचं मोजलं, नऊच. ती खुशीत लॅबला फोन करून उशिरा येते म्हणाली.

साडेदहाला बाजाराच्या ऑफिसात राजरत्नने मशीनची काच पुसली. अंगठा नाही. अनामिका नाही. करंगळी चोवीस.

"चोवीस?" तेजस्वीने स्क्रीनकडे वाकून पाहिलं. "सकाळी नऊ रेषा होत्या. परत लावा."

परत चोवीसच आले.

तुळसाने हात उचलून पदरात घेतला. तो तेजस्वीच्या नाकासमोरून गेला आणि तेजस्वी थांबली.

"आये, लिंबाचा वास येतोय."

"येणारच."

"सकाळी मी मोजल्यानंतर तू काय केलंस?"

"काय करणार? तयारी. मोरीवर बसले, लिंबू घेतला, काथ्या घेतला, हात घासले."

"किती वेळ?"

"रोज किती घासतात? घासले. जरा जास्तच. एसीची खोली हाय, वास कोंडतो. लोक नाकाला रुमाल लावतात."

"गेल्या दोन वेळेला पण?"

"मग काय मावऱ्याचा वास घेऊन येऊ?"

राजरत्न हसला, मग तेजस्वीचं तोंड बघून पुन्हा काच पुसायला लागला.

"नऊ दिवस तू माशाला हात लावला नाहीस," तेजस्वी म्हणाली. "वास नव्हताच गं."

"मना काय म्हाईत? माझा वास मना कधी येतो?" ते खरंच होतं. स्वतःच्या हातांचा वास यायचा तुळसाचा केव्हाच बंद झाला होता, म्हणून तो कायम असणारच असं धरून ती चालायची. "तूच बोलली व्हतीस. तिसरीत व्हतीस. माटुंग्याच्या शाळेत आईबापांना बोलवलेलं. बोललीस, आये, हात घासून ये, नायतर येऊच नको. तवापासून चारचौघांत जायचं तर घासते."

हे तिने बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. तेजस्वीने वही उघडली, पेन धरलं, आणि काही न लिहिता मिटली.

"अठ्ठावीसला शेवटची वेळ आहे," राजरत्न म्हणाला. "सकाळची अकराची देतो. तेव्हा गर्दी कमी असते."

काथ्याने घासून त्या दिवशी करंगळीवर नवातल्या सहाच रेषा उरल्या होत्या. सात दिवस पुन्हा खोबरेल. तेजस्वी लॅबमधून येऊन मोजायची, आकडा लिहायची आणि आईचा हात लगेच सोडायची नाही. सत्तावीसच्या संध्याकाळी आठ रेषा झाल्या.

अठ्ठावीसला सकाळी तुळसा सवयीने मोरीवर बसली. लिंबू कापलं. काथ्याकडे बघत थोडा वेळ बसली. मग दोन्ही फोडी आत नेऊन वाटीत झाकून ठेवल्या आणि नुसत्या पाण्याने हात ओले करून टिपले. बसमध्ये तिने ते पदराखाली घेतले. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने नाक चोळलं तेव्हा तुळसा खुर्चीच्या कडेला सरकली. बाईला सर्दी होती, ती दोनदा शिंकली, तरी तुळसा परत मागे सरकली नाही.

"या, मावशी. थेट करंगळीच घेऊ," राजरत्न म्हणाला. "दाबू नका. नुसती टेकवा."

तुळसाने हात पदरातून बाहेर काढला आणि बोट काचेकडे नेलं. काच गार असणार, पण तिला कळलं नाही.

"टेकली काय?"

"टेकली, आये," तेजस्वी म्हणाली. "आता हलवू नकोस."

मशीनमधला लाल दिवा बोटाखाली सरकत गेला. राजरत्न स्क्रीनकडे बघत होता. लागत होते चाळीस. आले एक्केचाळीस.