कोरडी नाव

नवरा मेल्यावर मल्लम्मानं तीन वर्षं दिराच्या गोठ्यात शेण काढलं, तेव्हा गावाला कसलीच लाज वाटली नाही. मेंढरं वळणाऱ्या मल्हारीबरोबर ती जगायला निघाली, तेव्हा मात्र गावाची अब्रू झोपेतून खडबडून उठली.

निजामाचं राज्य, तेराशे त्रेपन्न फसलीचा पौष महिना. गोदाकाठच्या वडथडीत चावडी भरली. तिच्या गळ्यातलं लिंगायतांचं इष्टलिंग थोरल्या दिरानं, अण्णारावानं, स्वतःच्या हातानं काढून घेतलं. धनगरांनी मल्हारीला जातीबाहेर टाकलं. दोन्ही जातींचं आजवर एकाही गोष्टीवर जुळलं नव्हतं, ते या दोघांना हुसकावण्यावर जुळलं. ठराव झाला: सोनपेठपासून पाथरीपर्यंत, नदीच्या दोन्ही थड्यांना, या दोघांना जमिनीवर पाय टेकू द्यायचा नाही. जो देईल त्याचं आगपाणी बंद. सोमवारी दिवस मावळायच्या आत गावाची जमीन सोडायची, नाहीतर पोलिसांच्या अमिनाकडं बाई पळवल्याचा अर्ज जायचा आणि मल्हारीच्या पायात बेड्या पडायच्या.

"पाण्याला पाटील नसतो," मल्हारी म्हणाला.

त्यानं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. एक शिडाची नाव घ्यायची. तिच्यातच चूल, तिच्यातच अंथरूण. पौषात वारा उगवतीकडून सुटतो, शीड लावलं की नाव आपसूक वरच्या अंगाला चढते. घाटाघाटाला नाव उभी करायची, नावेतूनच घोंगड्या विकायच्या. राक्षसभुवनाच्या पुढं कोण वळखायलाय आपल्याला? मल्लम्माला पाचवा महिना होता. लेकरू पाण्यावर जन्मलं तरी चालेल, पण अण्णारावाच्या गोठ्याजवळ नको, एवढंच तिचं मागणं होतं.

सोमवारी दुपारी दोघं मुंजाजी भोयाच्या घाटावर आली. नावेचं मोल म्हणून द्यायच्या उरल्यासुरल्या बारा मेंढ्या पुढं होत्या. मुंजाजी आणि त्याची बायको तानुबाई जाळं विणत बसले होते. मागून अर्धं गाव आलं. अण्णाराव धोतराचा सोगा हातात धरून सगळ्यांच्या पुढं.

विकायच्या नावा दोनच होत्या. एक काठावर उपडी, डांबर फासलेली, काळी कुळकुळीत. तिची डोलकाठी शेजारी निजवलेली. दुसरी दिसतच नव्हती. ती कमरेएवढ्या पाण्यात दगड भरून बुडवलेली होती, शेवाळलेला काठ तेवढा वर आला होता.

मल्हारीनं आयुष्यात मेंढरं पारखली होती. तो काळ्या नावेभोवती फिरला, पाठीवरून हात फिरवला, फळीवर बोटं वाजवली, खाली वाकून पोट बघितलं. दात बघायचे तेवढे राहिले.

"टणक हाय," तो म्हणाला. "ही काय ती पाण्यातली? मेलेली दिसती."

"मेलेली न्हाई," मुंजाजी म्हणाला. "तीच घ्या, पाव्हणं. मोल दोन्हीचं सारखंच. ही वरची दोन पावसाळे कोरडी पडली हाय. लाकूड आटलंय, सांधे उघडलेत, वरून डांबर हाय म्हणून दिसंना. भोई चांगली नाव बुडवून ठिवतो. लाकूड फुगून सांधे घट्ट राहतेत."

मल्लम्मानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. माणूस खरं बोलत असावा असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडायच्या आत मागून अण्णाराव बोलला.

"ऐक की मल्हारी. मुंजाजी बरोबर सांगायलाय. बुडालेलीच घे. अगं मल्लम्मा, सांग त्याला. तुला बुडालेलंच लय आवडतंय."

माणसं खदखदली. मल्लम्मानं मुंजाजीवरची नजर काढून दिराकडं पाहिलं. या माणसानं तिला तीन वर्षांत एकदा तरी खरं सांगितलं होतं? वाटणीचा कागद म्हणून त्यानं तिचा अंगठा घेतला आणि शेत आपल्या नावावर केलं. औषध म्हणून काढा दिला, त्यानं ती महिनाभर ओकत होती. तो उजवीकडं जा म्हणाला की डावीकडं वाट असते, हे ती त्याच्याच घरात शिकली होती.

"भावजी म्हणतेत बुडालेली घ्या," ती मल्हारीला हळूच म्हणाली. "म्हंजी काळी घ्यायची."

मल्हारीनं मुंजाजीकडं पाहिलं. "किती दिलं रे ह्यानं तुला? बुडालेलं लाकूड गळ्यात मारायला?"

मुंजाजी पुन्हा बोलायला निघाला, तेव्हा अण्णारावानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. घाटाचा मक्ता दर साली चावडीवरच ठरायचा. मुंजाजीनं मान खाली घातली आणि जाळ्यात गाठ मारली. आयुष्यभर तो अशाच गाठी मारत आला होता.

"तुमची मर्जी," तो म्हणाला.

अण्णाराव एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. अशी माणसं सगळ्यात वाईट. त्यांना खोटं बोलायचेही कष्ट पडत नाहीत, समोरच्याचं फुटलेलं काळीजच त्यांचं काम करतं.

काळी नाव पाण्यात लोटली. मल्लम्मानं चूल ठेवली, पिठाचं मडकं ठेवलं, घोंगड्यांची चवड ठेवली. मांजरपाटाचं शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, आणि नाव काठापासून सुटली. शंभर-दीडशे हात ती अशी चालली की मल्लम्माला हसू फुटलं. उभ्या आयुष्यात पायाखालची जागा पहिल्यांदा तिची होती.

मग तळव्यांना गार लागलं.

पाणी एका जागेतून येत नव्हतं. प्रत्येक सांध्यातून येत होतं, घाम सुटावा तसं. तिनं पीठ उचलून डोक्यावर घेतलं. मल्हारी घागरीनं उपसू लागला. तो एक घागर बाहेर टाकायचा, दोन आत यायच्या. डांबराची खपली निघून त्याच्या पायाला चिकटली. त्यानं शीड खाली उतरवलं, वल्हं मारत नाव कशीबशी घाटाकडं आणली.

घाटावर माणसांची भिंत उभी होती. पुढच्यांच्या हातात काठ्या.

"मी सांगितलं व्हतं," अण्णाराव म्हणाला. "सगळे साक्षीला हायेत. बुडालेली घे म्हणलो व्हतो का न्हाई?"

"व्हता, व्हता," चार जण म्हणाले.

मुंजाजीला मात्र राहवलं नाही. "अण्णाराव, चार दिस काठाला बसू द्या त्यांना. नाव बुडवून ठिवली की लाकूड फुगंल. मग जातेल बिचारे."

"चार दिस कशाला? चार पावलं देतो का बघ त्यांना," अण्णाराव म्हणाला. "ठराव झालाय. दिवस मावळायलाय."

मल्हारी मांडीएवढ्या पाण्यात उतरला आणि हात जोडू लागला. मल्लम्मानं त्याचा हात ओढून खाली केला.

"भावजी, ठरावात जमीन म्हणलंय न्हवं?"

"जमीनच म्हणलंय."

"मग आमी जमिनीवर येत न्हाई. नाव हितंच बुडवतो. चार दिस हितंच बसतो."

अण्णाराव हसला. पौषाचं पाणी, त्यात गर्भार बाई. रात्रीच्या आतच ती काठावर येऊन पाय धरील, याची त्याला खात्री होती. म्हणूनच तो उदार झाला. "बसा. पाणी सरकारचं हाय. आमचं काय जातंय?"

मल्हारीनं नदीच्या तळातले धोंडे उचलून नावेत घातले. नाव खाली बसली, काठ तेवढा वर राहिला. त्या काठावर दोघं बसली, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात. पीठ डोलकाठीला बांधलं. घोंगड्या भिजून दगडासारख्या जड झाल्या होत्या.

गावाला चार दिवसांची जत्रा मिळाली. हुरड्याचे दिवस होते. माणसं काठावर आगट्या पेटवून कणसं भाजायची, तळहातावर चोळायची आणि खात खात बघायची. धूर पाण्यावर यायचा, ऊब यायची नाही. कुणी म्हणायचं, "मल्हारी, मेंढरं पाण्यात चारायलास का?" कुणी पैज लावली. देवळात जाणाऱ्या बाया थांबून चुकचुकायच्या आणि हात जोडून पुढं जायच्या. चुकचुकायला काहीच लागत नाही.

मल्लम्मा चिमूटभर कोरडं पीठ तोंडात टाकायची आणि नदीचं पाणी प्यायची. दुसऱ्या दिवशी तिला पाय आहेत की नाहीत ते कळेना. मल्हारी ते मांडीवर घेऊन चोळायचा.

"चल वर," तो म्हणाला. "घालू दे मला बेड्या."

"तुला बेड्या, आन मला पुन्हा त्याचा गोठा," ती म्हणाली. "गप बस."

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिच्या कमरेत कळ आली. मग दुसरी आली. तिनं मल्हारीच्या खांद्यात दात रोवले, पण ओरडली नाही. काठावर अण्णाराव होता, त्याला ओरडणं ऐकायचं होतं. तानुबाई पुढं धावली तर मुंजाजीनंच तिचा पदर धरला. घंटाभरानं पाणी लाल झालं. नदी वाहती होती, तिनं सगळं नेलं. मल्हारीला ते हातात धरताही आलं नाही.

  मग खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या बायांनी घागरी ओतून दिल्या. रक्ताचं पाणी घरात कसं न्यायचं? विटाळ होतो. त्या दिवसापासून गाव वरच्या अंगाला पाणी भरू लागलं. गावानं त्या लेकरासाठी केलं ते एवढंच.

चौथ्या दिवशी मल्हारीनं धोंडे काढले, पाणी उपसलं. नाव वर आली. त्यानं आत हात फिरवला, फळ्या एकमेकींत रुतून बसल्या होत्या. वाट बघितली. एक थेंब आत आला नाही.

मुंजाजी खोटं बोलला नव्हता. तानुबाई लहानशा डोंगीत बसून आली. तिनं दोन ज्वारीच्या भाकरी आणि कोरडं लुगडं पुढं केलं. तिचे डोळे सुजले होते.

"पोरी, मला माफ कर," ती म्हणाली.

मल्लम्मानं लुगडं घेतलं. भाकरी घेतली, एक मल्हारीला दिली, दुसरी स्वतः खाल्ली. शेवटचा तुकडा गिळून झाल्यावर ती बोलली.

"भाकरी तिसऱ्या दिसाला आणायची व्हती."

तानुबाई डोंगी वळवून परत गेली. काठावर अण्णाराव एकटाच उभा होता. मल्लम्मा पाया पडली नव्हती, म्हणून त्याची झोप उडाली होती. लेकरू गेलं म्हणून नव्हे.

मल्हारीनं शीड चढवलं. वारा उगवतीचाच होता. मल्लम्मा सुकाणू धरून बसली. दोन्ही पाय तिनं नावेच्या तळावर घट्ट टेकवले होते आणि दर थोड्या वेळानं ती वाकून तळव्याखाली हात घालून बघत होती.