लांबी कमी आहे

नळ्या आठ. वाजवायचे लाकडी ठोके दोन, एकाच्या डोक्याला चामडं बसवलेलं, दुसरा अजून बोडका. दोऱ्याची रिळं तीन. करवतीची पाती चार, त्यांतलं एक मोडकं. मीटरची लाकडी पट्टी एकच, आणि तिचाही पहिला सेंटिमीटर गायब... टेबलावरचं सगळं मोजून झालं आणि मग, मोजायची नव्हती तरी, तिनं नववी नळीही मोजली. ती टेबलावर नव्हतीच. मागच्या सामानाच्या खोलीत कपाटावर, कागदात गुंडाळून ती आडवी पडली होती, आणि ती तिथं आहे हे तिच्याखेरीज कुणालाही माहीत नव्हतं.

“बाई, हात मागे!”

ब्रदर दारातून ओरडले. सुतारकाम शिकवणारे ब्रदर जाडजूड, दाढीत कायम लाकडाचा भुसा. या शाळेतला शनिवारचा नियम त्यांनीच केलेला. शनिवारी सगळी शाळा हातानं काहीतरी करते, कुणी भाजीचे वाफे, कुणी बाकांची डागडुजी, लहान वर्ग पुस्तकांना पुठ्ठे घालतो. आणि त्या वेळात शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मुलानं आपणहून ‘हात लावता का?’ असं म्हटलं तरच हात सोडायचे. नोकरी लागली त्या आठवड्यात तिला हा नियम गमतीचा वाटला होता. आता तिला वाटायचं, दिवसभर फळ्यावर लिहिण्यापेक्षा हे असं नुसतं उभं राहून खांदे जास्त दुखतात.

तिनं हात मागे घेतले. बोटं एकमेकांत अडकवली. समोर सहा मुलं नळ्या दोऱ्यावर टांगत होती आणि पाठीमागे, याच शेडच्या खिडक्यांशी, दुसरा गट नव्या काचा बसवत होता. काचेच्या कडेनं चौकटीत भरायची ती लांबी, म्हणजे खडू आणि तेलाचा पिठासारखा मळलेला गोळा, त्यांच्या कोपरापर्यंत माखली होती. वास गोडसर, जुना... घरी बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या टेबलाला असा वास नव्हता. तिथं वितळलेल्या कथलाचा वास असायचा, आणि बाबांचा आवाज – ‘तू नुसतं बघ, बाळ. हात लावू नकोस, भाजेल.’

प्रार्थनामंदिराची घंटा तडकली त्याला आता बरेच महिने झाले. वाजवली की भांडं पडल्यासारखा आवाज. लहान मुलं खुसखुसायची, आणि मोठ्या सिस्टर, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, डोळे मिटून घ्यायच्या, प्रार्थनेसाठी नव्हे. मग एका बैठकीत ती बोलून गेली होती की आम्ही करू. नळ्यांची. आठ सुरांची. माझा वर्ग करेल. बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला होता. सिस्टर म्हणाल्या होत्या, “करा. शनिवार संध्याकाळच्या प्रार्थनेला वाजली, तर ही शेड तुमच्या वर्गाची. नाही वाजली तर विजेची घंटा मागवते आणि शेडमध्ये जादाची बाकं ठेवते. रागावू नका हं, मला बाकांना जागा हवीच आहे.” त्यात राग नव्हता, धमकीही नव्हती, त्यामुळेच ते खरं होणार होतं. तो शनिवार हा. शेड गेली की वर्ग पुन्हा फळ्यासमोर बसणार, नळीचं चित्र वहीत काढणार, नावं देणार.

“बाई, पहिली!” कुणीतरी ठोका मारला. टेबलावर तिच्या फोनवरचा सूर मोजायचा काटा हलला, थांबला. सूर बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी किंचित खाली, पण कानाला कळणार नाही इतकी. चौथी, पाचवी... मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. सहावी वाजली.

चारशे छप्पन्न.

हवे होते सेकंदाला चारशे चाळीस कंप.

पुन्हा मारून पाहिली. चारशे छप्पन्न. काटा ढिम्म. सहावी नळी कापली होती टाचणीनं. वर्गातली सगळ्यांत किडकिडीत मुलगी, म्हणून हे नाव, आणि तिला ते आवडायचंही.

“अठ्ठावन्न पूर्णांक तीन सेंटिमीटर सांगितलं होतं,” टाचणी म्हणाली. “दोनदा मापलं मी. एकपासून मापलं, कारण झीरो तर उंदरानं खाल्लाय.”

“आणि शेवटी एक मिळवला होतास?”

टाचणीनं पट्टीचं झिजलेलं टोक चाचपलं.

“तोपण उंदरानं खाल्ला,” तिच्या शेजारचा गोल चेहऱ्याचा मुलगा म्हणाला. त्याला सगळे भोपळा म्हणत. कुणी हसलं नाही.

एक सेंटिमीटर. सूर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे इथं जराशी चूक तिथं दुपटीनं दिसते. हे तिनं फळ्यावर लिहिलं होतं, मुलांनी उतरवून घेतलं होतं, आणि त्या सगळ्या बरोबर गणिताला एका झिजलेल्या पट्टीनं गिळून टाकलं होतं. लांब नळी कापून आखूड करता येते. आखूड नळी लांब करता येत नाही. उरलेले तुकडे वीतभर. दुकान सोमवारपर्यंत बंद.

पण कपाटावर...

ती नळी तिनं स्वतः कापली होती, गेल्या आठवड्यात, सगळे जेवायला गेलेले असताना. सहाव्याच सुराची, कारण आकड्यांत तोच सगळ्यांत अडचणीचा वाटला होता. तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं होतं, खबरदारी म्हणून. खबरदारी! मला ठाऊक होतं की मी खोटं बोलते आहे. माझा त्यांच्या हातांवर विश्वास नव्हता, एवढंच. बाबांचा माझ्या हातांवर नव्हता तसाच, अगदी प्रेमानं नव्हता तसाच. शाळेच्या प्रदर्शनातला तो छोटा रेडिओ, त्याची प्रत्येक तार बाबांनी जोडली, मी कंदील धरावा तसा टेबललॅम्प धरून उभी होते – आणि मग चषक, फोटो, आत्याचं ‘काय गं हुशार पोर!’ आणि बाबा अभिमानानं, अगदी मनापासून, ‘तिनंच केलंय सगळं.’ चषक अजून घरी दिवाणखान्यात आहे. आई दर आठवड्याला तो पुसते. मी त्याच्याकडे पाहत नाही.

काचांच्या चौकटी ठोकायचा आवाज वाढला होता. त्यावरून ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, “लांबी कमी आहे! बाकी काही नाही, लांबी कमी आहे. थांबा, मी आलेच,” आणि मागच्या खोलीकडे चालू लागली.

सामानाच्या खोलीत अंधुक होतं. मोडकी बाकं एकमेकांवर, रंगाचे डबे, तडकलेली घंटा कोपऱ्यात पोत्यावर. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, कागद उलगडला. नळी थंड आणि हलकी. किती सोपं होतं! सगळ्यांना पाणी प्यायला पाठवायचं, दोऱ्याची एक गाठ सोडायची, एक बांधायची. कुणाला कळणार? संध्याकाळी आठही सूर बिनचूक, सिस्टरांचे डोळे उघडे, शेड वर्गाची, आणि मी सगळ्यांसमोर म्हणणार – त्यांनीच केलंय सगळं.

ती स्टुलावरच थांबली. वाक्य तिच्याच आवाजात नव्हतं. बाबांच्या होतं, त्यांच्या त्या हेल काढून म्हणायच्या लकबीसकट.

आणि तेव्हा भिंतीपलीकडे सूर वाजला.

आधी तिला वाटलं, पाचवी वाजवली असेल. पण पाचवी नव्हती. पाचवीच्या वर, सहावीच्या खाली... पुन्हा वाजला. मघापासून तिच्या कानात बसलेला तो चढा, आगाऊ चारशे छप्पन्नचा सूर नव्हता हा. खाली आला होता. धातू असा उतरत नाही. नळी वाढत नाही. ती स्टुलावरून जवळजवळ उडी मारून उतरली, आणि हातात नळी आहे हे तिला शेडच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं, तेव्हा तिनं हात मागे घेतले.

“लावली बाई!” टाचणी ओरडली. तिचा अंगठा पांढरा झाला होता.

“काय लावलीस?”

“लांबी. तुम्हीच म्हणालात ना, लांबी कमी आहे?”

सहाव्या नळीच्या खालच्या तोंडात, खिडकीवाल्यांकडून मागून आणलेली, अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेली, लांबी.

तिनं वाकून नळीच्या तोंडात पाहिलं. मग ब्रदर म्हणाले, “मी म्हटलं, नळीला लांबी कशाला? काच का बसवायची आहे तिच्यात? पण म्हटलं बाईंनी सांगितलंय, असेल काहीतरी सायन्स.” आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांची दाढी थरथरायला लागली, भुसा खाली पडला, आणि मग भोपळा, मग खिडकीवालेही, आणि ती स्वतः, पाठीमागे नळी घट्ट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

फोनवर चारशे एकतीस होते.

अर्थातच. टोकाला वजन वाढलं की कंप मंदावतो. टोकंच सगळ्यांत जास्त हलतात. परीक्षेत हे तिनं दोन पानांत लिहून दाखवलं असतं. इतक्या वेळात तिच्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं, कारण डोक्यात नववी नळी होती. तिच्या जिभेवर समीकरण आलं... तिनं ते गिळलं.

“आता जास्तच खाली गेला,” टाचणी म्हणाली. “थोडी काढू?”

“मला का विचारतेस? काढ आणि वाजव.”

चमच्याच्या दांड्यानं टाचणी लांबी खरवडू लागली. भोपळा ठोका मारायचा, आकडा ओरडायचा. चारशे चौतीस. चारशे छत्तीस. “हळू! नखानं काढ, नखानं.” चारशे एकोणचाळीस. “बास!” “अजून एक कण.” चारशे बेचाळीस. “सांगत होतो!” “मग परत लावते, त्यात काय एवढं? कापलेलं परत लावता येतं का? हे येतं.” तिनं चिमटीत चिमणीच्या चोचीएवढी लांबी घेतली. खिडकीवाले काम सोडून भोवती जमले होते. ब्रदरांनी कधी नव्हे ते कुणाला हाकललं नाही. बाईंच्या तळहातांना घाम आला होता आणि मागे धरलेली नळी निसटू पाहत होती. हा माझा हात नाही. माझं एकही बोट यात नाही. आणि तरी छातीत हे असं...

चारशे चाळीस.

आरडाओरडा झाला. त्यातच भोपळा तिच्या मागून म्हणाला, “बाई, हे काय लपवलंय?”

तिला खोटं सुचलं. दोन सुचली. “नळी आहे,” ती म्हणाली. “सहाव्या सुराची. मी कापलेली.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात. तुमच्याकडून चुकेल असं वाटलं म्हणून.”

टाचणीनं नळी तिच्या हातातून घेतली, दोऱ्याला अडकवली, वाजवली. चारशे चाळीस. लख्ख, स्वच्छ, लांबवर जाणारा सूर.

“झालं की!” ब्रदर म्हणाले. “हीच टांगा. ती पिठाची राहू दे.”

टाचणीनं एकदा या नळीकडे पाहिलं, एकदा त्या. मग बाईंकडे, आणि बाईंनी तोंड उघडलं नाही. शेड गेली तरी चालेल, असं तिला एकाएकी आणि अगदी स्पष्ट वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला भीती वाटली नाही.

“बाईंची छान आहे,” टाचणी म्हणाली. “पण आमची आम्ही टांगतो. बाई, गाठ मारायला हात लावता का?”

तिला हात पुढे आणायला वेळ लागला. बोटं आखडली होती. तिनं दोरा धरला, टाचणीनं गाठ मारली.

संध्याकाळी प्रार्थनामंदिरात गर्दी होती. स्वयंपाकघरातल्या मावशी ओले हात पदराला पुसत मागे उभ्या राहिल्या, वाफेवाल्यांच्या पायांना माती तशीच होती. भोपळ्यानं ठोका उचलला, उजव्या हातातला डाव्यात घेतला, परत उजव्यात घेतला. मग सूर एकामागून एक वर चढत गेले, आणि सहाव्याशी ती थांबली, म्हणजे तिचा श्वास थांबला, आणि सूर तिथंच होता, जागच्या जागी, आणि त्याच्यावर सातवा पाय ठेवून उभा राहिला, आठवा त्याच्यावर. पुढच्या बाकावरचं सगळ्यांत लहान पोर मोठ्यानं म्हणालं, “परत!” सिस्टरांनी त्याला दटावलं नाही. प्रार्थना संपल्यावर बाहेर पडताना त्या तिच्यापाशी थबकल्या. “बाकं मी व्हरांड्यात ठेवीन,” म्हणाल्या. “आणि व्हरांड्याच्या खिडक्यांनाही लांबी लागणार आहे, तेवढी शिल्लक ठेवा.”

मंदिर रिकामं झालं. नळ्या हलायच्या थांबल्या. आता हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना. ते तसेच बाजूला लोंबत राहिले, जड, उबदार, कुणाचे तरी असल्यासारखे. बाबांना फोन करावा का? काय सांगायचं? चषकाचं सांगायचं?... टाचणी घरी न जाता नळ्यांपाशीच रेंगाळली होती, कान लावून.

“बाई, सहावी लवकर गप्प होते. लांबीमुळे असेल?”

“किती लवकर?”

“मोजावं लागेल.”

तिनं फोनवरचं घड्याळ सुरू केलं. टाचणीनं पाचवीवर ठोका मारला आणि दोघी सूर विरेपर्यंत न हलता उभ्या राहिल्या. मग सातवी. मग सहावी.

पाचवी चौदा सेकंद. सातवी तेरा. सहावी नऊ.