कूलरच्या पत्र्याचं खुराडं

मित्रांनो, मी एक खुराडं आहे. वयानं मी जुनं नाही, मला उभं राहून जेमतेम सव्वा वर्ष झालं. पण माझ्या अंगावरची एकही वस्तू नवी नाही, म्हणून मला जुनं म्हटलंत तरी मी रागावणार नाही.

पालमजवळच्या एका खेड्यात, कडूबाईंच्या परसात माझा मुक्काम आहे. माझ्या भिंती म्हणजे एका गंजलेल्या कूलरची पेटी. पाय मोडक्या बाजेचे, छप्पर गोठ्यावरून उतरवलेल्या पत्र्याचं. आत बसायला जुन्या तिफणीची दांडी, आणि दाराला बिजागरीच्या जागी तुटक्या चपलेचं रबर. हातोडी सापडली नाही तेव्हा साठी उलटलेल्या या बाईनं वरवंट्यानं खिळे ठोकले. असा खमका हात मी दुसरा पाहिला नाही.

मला बांधायचं कारण मात्र वाईट होतं. त्या हिवाळ्यात गावात मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो. कडूबाईंच्या चौदा कोंबड्यांतली एकच वाचली, अंगावर पांढरे ठिपके असलेली कवडी. लग्न झालं तेव्हा कडूबाईंच्या आईनं ओटीत एक ठिपक्यांची कोंबडी घातली होती. चाळीस वर्षं तिचंच वाण घरात चालत आलं, आणि आता ते या एका जिवावर येऊन थांबलं होतं. जुनं मातीचं खुराडं रोगट म्हणून त्यांनी पाडलं आणि मला उभं केलं.

त्यांचे मालक चंद्रभान ओट्यावर बसून हसत होते. "अगं, कोंबडीला बंगला बांधायलीस का काय?"

"हसू नका वो," कडूबाई म्हणाल्या. "एकच राहिली हाय. मुंगसानं नेली तर म्या काय करू?"

मुंगसाच्या त्या धास्तीपायी एक चूक झाली. कूलरच्या पेटीला तीन बाजूंनी हवेची झडपं असतात. कडूबाईंनी त्यांवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या बांधल्या, शेणमातीचा लेप दिला आणि आपलं स्वयंपाकघर सारवावं तसं मला आतून-बाहेरून सारवलं. बोटभर फट राहिली नाही. शेजारच्या चांगुणाबाई मुद्दाम बघायला आल्या. मी तर हरखून गेलो होतो, खोटं कशाला सांगू!

फाल्गुनात कवडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. गल्लीत भगवानरावांचा एक कोंबडा वाचला होता, त्याच्या कृपेनं तिच्याखाली अकरा अंडी होती. ती अंडी बिघडली असती तर वाण संपलं असतं. कडूबाई दिवसातून दहादा येऊन दाराची कडी बघून जायच्या.

बाराव्या दिवशी ऊन असं तापलं, की माझा पत्रा तव्यासारखा झाला. कवडी अंड्यांवरून उठली आणि चोच उघडी टाकून दाराशी धापा टाकायला लागली. खुडूक कोंबडी दाणापाण्यापुरती उठते, एरवी जागा सोडत नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी पडलो खुराडं. ती माझ्याच पोटात घुसमटत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं.

कडूबाई आल्या. त्यांनी आत हात घातला आणि चटकन मागं घेतला.

"माझंच चुकलं वो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मुंगसाच्या भ्यानं म्याच कोंडलं हिला."

चांगुणाबाई कुंपणापलीकडून ऐकत होत्या, पण कडूबाईंना त्याची पर्वा नव्हती. त्यांनी खुरपं घेतलं आणि ज्या सारवणाचं गल्लीत कौतुक झालं होतं, ते खरवडून काढायला लागल्या. चंद्रभान ओट्यावरून उठले. या वेळी ते हसले नाहीत.

"तू उकर," ते म्हणाले. "म्या पोतं भिजवून आणतो."

झडपं मोकळी झाली. मुंगूस शिरू नये म्हणून कडूबाईंनी त्यांना आतून जुन्या खिडकीची बारीक जाळी ठोकली. पत्र्यावर ओलं पोतं पडलं आणि माझ्या आतून वारा वाहायला लागला. थोड्या वेळानं कवडी परत जाऊन अंड्यांवर बसली.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. चार अंडी गेली. ती कडूबाईंनी परसात पुरली.

पिल्लं मोठी झाली, ठिपके दिसायला लागले. आता माझं घर भरलं म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात एका सकाळी कडूबाईंनी दोन चांगुणाबाईंना दिली, दोन भगवानरावांना.

"येडी झालीस का?" चंद्रभान म्हणाले. "एवढ्या जिवापाड जपलीस, अन् वाटायलीस?"

"म्हणूनच वाटायले," कडूबाई म्हणाल्या. "आपल्या घरी मेल्या तर त्यांच्या घरी राहतील."

त्या दिवशी मला जरा रिकामं वाटलं. पण दुसऱ्या सकाळी तीन परसांतून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला, तेव्हा मला या बाईचा फार अभिमान वाटला.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याला कोंडू नका, आणि सगळंच्या सगळं आपल्याच दारात साठवू नका. एक खुराडं हे सांगतंय, म्हणजे बघा!