बूच न उघडता

रंगाच्या कारखान्याच्या गोदामात त्या रविवारी मुंगीलाही आत शिरायचं तर कुणाच्या तरी खांद्यावरून जावं लागलं असतं. कापडाचे गठ्ठे भिंतीशी लोटून मध्ये सतरंज्या टाकल्या होत्या आणि त्यांवर अख्खी वस्ती दाटीवाटीने बसली होती. हौदावरचे, पिळणारे, वाळवणारे, घड्या घालणाऱ्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे. समोर उंच गठ्ठ्यावर रक्तगुरू बसले होते, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. या वस्तीत तासभर पांढरं राहून दाखवणं हाच खरं तर त्यांचा पहिला चमत्कार.

शिष्याने वाळवणाऱ्या काकांच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळीत सुई टोचली आणि दोन चमचे रक्त काढून काचेच्या बाटलीत सोडलं. सुई तेवढी दर माणसाला नवी असायची, तेवढी अक्कल त्या दोघांकडे होती. बाटलीच्या तळाशी मंतरलेलं पाणी आधीच घातलेलं. गुरूंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. रक्त काळपट, जुन्या विटेसारखं.

"बघा," गुरू खर्जात म्हणाले. "हे रक्त म्हणायचं की गटार? राग काळा, लोभ काळा. बायकोशी खोटं बोललात, तेही यात काळं होऊन बसलंय."

काकांनी मान खाली घातली. काकूंनी लगेच आपली वर केली.

मग गुरूंनी उघड्या बाटलीवर फुंकर घातली, बाटली गरगर हलवली, "उजळ रे रुधिरा, उजळ" म्हटलं, पुन्हा फुंकर, पुन्हा हलवणं. असं सात वेळा. पाचव्या फुंकरीलाच रक्ताचा रंग पालटायला लागला आणि सातव्याला ते डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद झालं. गोदामात 'अगंबाई' आणि 'आईशप्पथ' एकदमच निघाले. बाटलीत उजळलं की देहातही उजळलं, असं गुरूंनी सांगितलं, आणि काका खरोखरच ताठ मानेने जागेवर जाऊन बसले. काकूंचं मात्र 'कुठलं खोटं' हे विचारणं घरापर्यंत थांबणार नव्हतं.

मागच्या दाराशी, एका गठ्ठ्यावर पाय हलवत बसलेल्या मुलीला हे सगळं बघून हसू आलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिला सगळे चोंबडी म्हणायचे. नववीत होती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात 'हजर' सोडून दुसरा शब्द तिच्या तोंडून निघत नसे. या वर्षी हिने काय खाल्लं कुणास ठाऊक, बाईंना सुद्धा 'हे असंच का?' विचारायला लागली होती. हसू न यायचं कारण पहिल्या रांगेत बसलं होतं. तिची ताई.

ताईला सातवा महिना. भावोजी ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, म्हणून ती माहेरीच होती. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन सात निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चुकवायच्या नाहीत म्हणून बजावलं. तेवढ्यात हे पांढरे गृहस्थ उगवले. लोह म्हणजे लोखंड, लोखंड म्हणजे गंज, आणि गंजानेच रक्त काळं पडतं, असा त्यांचा सरळ हिशोब. ताईने गोळ्या केराच्या डब्यात टाकल्या आणि दोनदा बाटली उजळून घेतली. परवाच्या तपासणीत आकडा साडेसहावर उतरला होता. बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं तर हिच्या अंगात टिकाव धरायला काही उरणार नाही, असं डॉक्टरीणबाई आईला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या होत्या, आणि चोंबडीचे कान अर्थातच त्या कोपऱ्यात होते.

त्या रविवारी संध्याकाळी घरात जुंपली. ताई कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. खिडकीत उभी राहून एका धाग्यावरून सांगायची की ही खेप कालच्या खेपेपेक्षा उतरली आहे, आणि मालकसुद्धा गप्प बसायचे.

"अकरा वर्षं रंग बघून माल पास करतेय मी," ताई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत काळ्याचं लाल झालं. मला रंग शिकवू नकोस."

"अगं, पण जिना चढताना तुला धाप..."

"बाळाचं वजन असतं ते. तुला काय कळतंय, शेंबूड पुसायला शिक आधी."

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, यावर मान डोलावली. अण्णा निळीच्या हौदाचे मिस्त्री, चाळीस वर्षांत हात कधी निळ्याचे पांढरे झाले नाहीत. गुरूंना वाहायला त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला एक तागा बाजूला काढून ठेवला होता. दोन्ही आघाड्यांवर पराभव झाल्यावर चोंबडी दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेली, सुईवाल्या मावशीकडे.

सुईवाली मावशी दवाखान्याच्या मागच्या खोलीत रक्त तपासायची. मावशी नात्याची नव्हे, पण वस्तीतल्या प्रत्येकाला तिने टोचलेलं असल्याने सगळ्यांचीच होती. तिने स्टँडमधली एक नळी काढून चोंबडीच्या नाकासमोर धरली. नळीतलं रक्त उभं राहून राहून थर धरून बसलं होतं. वर पिवळसर पाणी, मध्ये सायीसारखी पांढरी रेघ, तळाला लाल.

"तुझ्या ताईचं," मावशी म्हणाली. "तळाचं लाल बघ. जेमतेम पाचवा हिस्सा. धडधाकट बाईचं तिसऱ्या हिश्शाच्या वर जातं."

मग तिने एकेक थर सांगितला. वरचं पाणी म्हणजे रक्तद्रव. अन्न, औषध, कचरा, सगळं त्यातून वाहत जातं. पांढऱ्या रेघेत दोन जाती: पांढऱ्या पेशी म्हणजे रखवालदार, रोगाशी मारामारी करणाऱ्या, आणि रक्तबिंबिका, ज्या गुडघा फुटला की धावत जाऊन भोक बुजवतात. तळाशी तांबड्या पेशी. त्या हमाल. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन असतं, त्यात लोह असतं, आणि फुप्फुसातला प्राणवायू त्या लोहालाच धरून अंगभर जातो. लोह नाही तर हमालांना हात नाहीत.

"मग काळं का निघतं?"

"सुई टोचतो ती शीर परतीची. हमाल ओझी पोचवून येत असतात. भरलेला हमाल लालभडक, रिकामा झाला की काळपट. पापबिप काही नाही, बाई. हवेत हलवलं की पुन्हा ओझं उचलतो, पुन्हा लाल. फुंकर कशाला हवी, मी बाटली हलवताना शेजारणीची निंदा केली तरी उजळेल. आणि ते मंतरलेलं पाणी असतं ना, ते रक्त गोठू नये म्हणून. आमच्याकडे त्याची मोठी बाटली आहे, मंतरलेली नाही एवढंच."

चोंबडी दारापर्यंत गेली आणि परत आली. "आणि हवाच नाही लागू दिली तर?"

मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग दोघीही हसायला लागल्या, आणि ते हसणं काही चांगल्या मुलींचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी आईला विचारून मावशीने चोंबडीच्या दंडातून दोन सिरिंज भरल्या. आत रक्त गोठू न देणारं औषध, हवेचा एक बुडबुडा नाही, तोंडाला घट्ट बूच. दोन्हींत रक्त विटेसारखं काळपट. मावशी हातमोजे घालून गोदामात मागे उभी राहिली आणि 'पुढे कोण येतंय' असं गुरूंनी विचारताच चोंबडी उठली.

आपलं रक्त आपण घरूनच आणलंय, असं तिने सांगितलं. आणि महाराजांना त्रास नको, म्हणून पहिल्या सिरिंजवर तीच मंत्र म्हणून बघेल, चालेल ना? लोक हसले. गुरूही मोठ्या मनाने हसले. मावशीने पुढे येऊन तिलाही हातमोजे दिले. चोंबडीने बूच काढलं, दट्ट्या मागे ओढून हवा आत घेतली, बूच लावलं आणि सिरिंज हलवत मोठ्याने सुरू केलं: "सोमवार, पहिला तास गणित. दुसरा तास गणित. तिसरा तास भूगोल, बाई रजेवर, म्हणून गणित..."

वेळापत्रकातल्या गुरुवारपर्यंत रक्त लालभडक झालं. घड्या घालणाऱ्या बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, या गणिताने माझं तर आटलं असतं.

गुरू डगमगले नाहीत. तेही कसलेले गडी. "आमच्या सहवासाने पोरीच्या जिभेवर शक्ती उतरली," ते म्हणाले. "या स्थानाचाच प्रभाव आहे."

"मग ही दुसरी तुम्ही उजळा," चोंबडी म्हणाली. "फक्त बूच न उघडता. मंत्राला बूच कुठे आडवं येतंय? देहाचं बूच तरी कुठे उघडता तुम्ही, तरी दोन चमच्यांवरून सगळ्या देहात पोचतोच ना तो."

गुरू काही बोलणार, तेवढ्यात वाळवणारे काका भक्तिभावाने म्हणाले की महाराजांना त्यात काय अवघड. आता मागे फिरायची सोय उरली नाही. गुरूंनी सिरिंज घेतली. सात वेळा हलवली. चौदा वेळा हलवली. मंत्राचा आवाज आधी चढला, मग बसला. कपाळावर घाम आला, पण आतलं रक्त वीट ते वीटच.

"या मुलीच्या रक्तात पाप फार," ते म्हणाले.

"दोन्हींत माझंच रक्त आहे महाराज. एकाच दंडातलं, एकाच वेळचं. पहिलं तर गुरुवारच्या भूगोलालाच उजळलं."

"बूच काढ. प्राण आत जाऊ दे."

"प्राण की हवा?"

अण्णा उठले. काखेत गुरूंना वाहायचा तागा होता. चोंबडी चार वर्षांची असताना हौदाशी उभी राहून टाळ्या वाजवायची, कारण कापड हौदातून निघायचं हिरवटपिवळं आणि दोरीवर टाकलं की बघता बघता निळं व्हायचं. जादू, जादू, म्हणून ती नाचायची. तेव्हा टपली मारून 'जादू नाही गं, हवा' असं सांगणारे हेच अण्णा.

"चाळीस वर्षं," अण्णा म्हणाले, आणि आपल्या निळ्या हातांकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं रोज हेच बघतोय मी. हवा लागली की रंग फिरतो. आणि इथे येऊन हात जोडून बसलो." त्यांनी तागा काखेतून काढला आणि खाली ठेवायच्या ऐवजी दुसऱ्या काखेत घातला.

ताई सावकाश उठली. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा श्वास घेऊन. मावशीने तिच्याही हातांत मोजे चढवले. तिने गुरूंच्या हातातून सिरिंज घेतली, बूच काढलं, हवा ओढली, बूच लावलं आणि तोंडातून अवाक्षर न काढता हलवली. मग खिडकीशी गेली आणि खेप पास करायच्या आधी धरायची तशी ती उजेडात धरली.

"उजळलं," ती म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "आणि वाढलं का?"

"थेंबभरही नाही, ताई. रिकामे हमाल भरले, नवे आले नाहीत. तुझ्या नळीत लाल पाचवाच हिस्सा आहे, मी बघितलाय."

ताईने सिरिंज मावशीकडे दिली. "म्हणजे हौद फिकट," ती म्हणाली, "आणि मी वरचा रंग बघून माल पास करत बसले. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं." तिने पोटावर हात ठेवला. "त्या गोळ्या?"

"केराच्या डब्यातून काढल्या होत्या. माझ्या कंपासपेटीत आहेत. पाकीट फुटलेलं नाही, वर थोडी पेन्सिलची पूड आहे."

सगळ्यांच्या माना दोघी बहिणींकडे वळल्या होत्या, तेवढ्यात गुरूंना ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. मागचं दार वाळवणीच्या आवारात उघडायचं, आणि तिथे अण्णांच्या मदतनीस पोराने त्याच क्षणी हौदातून काढलेली निथळती खेप दोरीवर टाकली होती. गुरू आणि शिष्य त्यातूनच पळाले. दोरीपासून निघाले तेव्हा त्यांचे पांढरे कपडे हिरवटपिवळे होते. फाटकाशी पोचेपर्यंत मस्त निळे झाले. मंत्र कुणीही म्हटला नव्हता.

ताईच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि समोर चोंबडी पहारेकऱ्यासारखी उभी. सहा आठवड्यांनी आकडा साडेनऊवर आला. बाळंतपणाच्या वेळी सुईवाली मावशी आत होती. तिने नंतर सांगितलं की बाळ बाहेर आलं तेव्हा काळंनिळं होतं, पण पहिला टाहो फोडला, छातीत हवा भरली, आणि डोळ्यांदेखत गुलाबी होत गेलं. ताईने ते पहिल्या छटेपासून शेवटच्या छटेपर्यंत न्याहाळलं आणि पास केलं.

तेव्हा, वाचणाऱ्यांनो, डोळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. रक्ताला मंत्र लागत नाही. त्याला लोह लागतं, अन्न लागतं, हवा लागते, आणि कमी पडलं तर डॉक्टर लागतो. कुणी काही उजळून दाखवलं की टाळ्या वाजवायच्या आधी एकदा विचारा: हेच बूच न उघडता जमेल का?